मित्राकडे निघायचे, पण केव्हा आणि कोणत्या दिशेने?

अटलांटिक महासागरातील हरिकेनांचा, म्हणजे मोठ्या चक्रीवादळांचा, हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो; त्याचा भर साधारण १० सप्टेंबरच्या आसपास असतो. यंदा अमेरिकेच्या आग्नेय भागातील वाचकांच्या पत्रांत वादळाच्या वेळी घर सोडून मित्राकडे जाण्याचा विषय पुनःपुन्हा आला, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही टँपाजवळ पिनेलस काउंटीत राहतो. आमचे घर ‘बी’ झोनमध्ये आहे. घरात आम्ही दोघे, १२ आणि ७ वर्षांची मुले आणि मे ते ऑक्टोबर आमच्याकडे राहायला येणारे माझे आई-बाबा, असे सहाजण असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळ आले तेव्हा सोमवारी घरे सोडण्याचा आदेश निघाला. परंतु ‘घर सिमेंटचे आहे, काही होत नाही’ असे बाबांचे म्हणणे पडले आणि तो दिवस वादात गेला. मंगळवारी दुपारी आम्ही अटलांटाला माझ्या कॉलेजपासूनच्या मित्राकडे निघालो. एरवी सात-साडेसात तासांचा रस्ता. आम्हाला सतरा तास लागले. ओकालाच्या अलीकडे दोन तासांत नऊ मैल गेलो. एक्झिट घ्यावी तर पंपाच्या नळ्यांवर पिशव्या बांधलेल्या, म्हणजे पेट्रोल संपलेले. बाबांचे पाय सुजून चपला घालता येईनात. पहाटे पोहोचलो, तेव्हा वहिनींनी गरम वरणभात वाढला आणि आईला रडू कोसळले. मित्र म्हणतो, दरवर्षी बिनधास्त या. पत्नीचे मत असे की, एवढ्या लांब जाण्यापेक्षा काउंटीने शाळेत उघडलेला निवारा बरा. बाबा अजून घरातच थांबण्याच्या बाजूचे आहेत. यांत बरोबर कोण? निघायचे तर केव्हा आणि कोणत्या रस्त्याने?

उत्तर : तुमच्या घरात तीन मते आहेत आणि तिन्हींत काही ना काही तथ्य आहे, म्हणूनच सोमवार वादात गेला. आधी बाबांचे पाहू. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेकडील वस्त्या उद्ध्वस्त केल्यानंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले आणि २००२ पासून राज्यभर एकच संहिता लागू झाली. तुमचे घर त्यानंतरचे असेल आणि खिडक्यांना शटर असतील, तर वाऱ्यापुरते बाबांचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. परंतु तुमच्या पत्त्यापुढचे ‘बी’ हे अक्षर वाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. ते अक्षर पाण्याचे आहे. वादळ समुद्राचे पाणी ढकलत किनाऱ्यावर आणते तेव्हा ते कुठवर शिरू शकेल, यावरून हे झोन आखलेले असतात. ज्या श्रेणीचा आकडा आपण सगळे टीव्हीवर पाहत बसतो, ती १ ते ५ ची श्रेणी मात्र केवळ वाऱ्याच्या वेगावर ठरते. पाणी किती चढेल, हे तिच्यावरून कळत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलिनचे केंद्र टँपापासून शंभर मैलांहून अधिक दूर समुद्रातून गेले, तरी तुमच्याच काउंटीतील किनाऱ्यालगतच्या घरांत पाणी शिरले. १९६३ ते २०१२ या अर्धशतकात अमेरिकेत अशा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी सुमारे ९० टक्के पाण्याचे होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक समुद्राच्या या लोटाचे. तेव्हा बाबांना एवढेच सांगावे की, घर पडणार नाही हे मान्य, पण ते बुडू शकते. फ्लोरिडातील आपत्कालीन अधिकारी वर्षानुवर्षे एकच वाक्य सांगत आले आहेत : वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा.

आता पत्नीचे म्हणणे, आणि माझे मत बरेचसे त्यांच्याच बाजूचे आहे. पाण्यापासून पळायचे म्हणजे राज्य सोडून पळायचे नव्हे. अधिकृत सल्लाही हाच असतो की, शेकडो मैल नव्हे, दहा-वीस-पन्नास मैल जा. पाण्याच्या झोनमधून बाहेर पडून उंचावरच्या भक्कम घरात पोहोचलात की मुख्य धोका टळला. शाळेतील निवारा त्यासाठीच असतो. मात्र तेथे माणशी साधारण २० चौरस फूट जागा मिळते, अंथरूण आपले आपण न्यावे लागते आणि जमिनीवर झोपून उठणे आई-बाबांच्या वयाला सोपे नाही. म्हणून पहिला शोध अटलांटाच्या मित्राचा न घेता तासाभराच्या अंतरावर, आतल्या भागात राहणाऱ्या एखाद्या परिचिताचा घ्यावा. मैत्री तितकी जुनी नसली तरी चालेल. त्याच्या घराजवळ तळे किंवा ओढा नाही ना, एवढे मात्र विचारून ठेवावे, कारण २०२२ मध्ये इयनच्या पावसाने समुद्रापासून दूर असलेल्या ओरलँडो परिसरातही घरांत पाणी शिरले होते.

तरीही अटलांटालाच जायचे ठरले, तर वादळ कोणत्या बाजूने येते आहे हे पाहिल्याशिवाय गाडी सुरू करू नये. मिल्टन पश्चिमेकडून आले आणि द्वीपकल्प आडवा ओलांडून अटलांटिकमध्ये गेले; त्या वेळी उत्तरेला जाणे योग्यच होते. त्याच्या दोनच आठवडे आधी आलेले हेलिन मात्र फ्लोरिडाच्या ‘बिग बेंड’ किनाऱ्यावर धडकून जॉर्जियातून सरळ उत्तरेला गेले आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत त्याने हाहाकार माजवला. ॲशव्हिल समुद्रापासून कितीतरी दूर आहे आणि दोन हजार फुटांहून उंच आहे. वादळाला घाबरून तेथे जाणारा माणूस शहाणाच ठरला असता, पण त्या आठवड्यात तो आगीतून फुफाट्यात पडला असता.

या बाबतीत मी स्वतः पोळलो आहे. २०१७ मध्ये आम्ही फोर्ट लॉडरडेलजवळ राहत होतो आणि इर्मा थेट मायामीवर येणार, असा अंदाज होता. आम्ही गुरुवारी, ७ सप्टेंबरला, अटलांटाच्या उपनगरातील मित्राकडे निघालो. आमच्या शेजारचे कुटुंब टँपाला मेहुण्यांकडे गेले. शनिवारी अंदाज पश्चिमेकडे सरकला. रविवारी वादळ फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या कीज बेटांवर आणि नंतर मार्को बेटावर धडकून टँपाच्या दिशेने निघाले, तेव्हा शेजारी वादळाच्याच वाटेत जाऊन बसले होते. आमचेही फार वेगळे झाले नाही. सोमवारी वादळ जॉर्जियात पोहोचले, अटलांटा शहराला इतिहासात प्रथमच उष्णकटिबंधीय वादळाचा इशारा दिला गेला आणि संध्याकाळी मित्राच्या अंगणातील पाइनचे झाड कुंपणावर आडवे झाले. तीन दिवस वीज नव्हती. आमच्या फोर्ट लॉडरडेलच्या घरी ती मंगळवारीच आली होती, हे आम्हाला नंतर कळले.

टीव्हीवर दिसणाऱ्या पांढऱ्या शंकूचा अर्थ नीट लावला असता, तर आमच्यापैकी निम्मे लोक त्या दिवशी घाईघाईने चुकीच्या दिशेला गेले नसते. मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र दर सहा तासांनी जो शंकू काढते, तो वादळाचा आकार दाखवत नाही. वादळाचे फक्त केंद्र कुठून जाण्याची शक्यता आहे, हे दाखवतो. आणि तेही असे की, तीनपैकी साधारण दोन वेळा केंद्र त्या शंकूत राहते, तिसऱ्या वेळी बाहेर जाते. शंकूच्या मधल्या रेषेवर जीव ठेवणाऱ्यांची फसगत इर्माच्या वेळी झाली आणि इयनच्या वेळीही झाली. तेव्हा रेषा बराच काळ टँपाच्या बाजूला होती आणि वादळ दक्षिणेला, फोर्ट मायर्सच्या बाजूला गेले. म्हणून माझा आग्रह असा की, मित्र दोन ठरवावेत आणि ते दोन वेगवेगळ्या दिशांना असावेत. एक उत्तरेला असेल, तर दुसरा द्वीपकल्पाच्या मध्यभागी किंवा पूर्वेला असावा. शंकू लांबीने ज्या दिशेला पसरला असेल, त्या दिशेला न जाता त्याला आडवे निघावे.

आता वेळ. ‘वादळ बुधवारी रात्री येणार’ हे ऐकून लोक बुधवार सकाळपर्यंतचा वेळ आपला मानतात आणि तेथेच घोटाळा होतो. मोजणी वादळाच्या केंद्रापासून करायची नसते. ताशी ३९ मैलांचे, म्हणजे सुमारे ६३ किलोमीटरचे वारे तुमच्या दारात कधी पोहोचतील, तेथून मागे मोजायचे असते. तेवढ्या वाऱ्यात मोठे पूल बंद केले जातात, आणि पिनेलसमधून पूर्वेला व दक्षिणेला जाणाऱ्या तुमच्या बहुतेक वाटा पुलांवरूनच जातात. हरिकेन केंद्र या वाऱ्यांच्या आगमनाचा वेगळा नकाशा काढते. त्यात ‘बहुधा केव्हा’ आणि ‘लवकरात लवकर केव्हा’ अशा दोन वेळा असतात. तुम्ही दुसरी धरावी. तिच्यातून गेल्या वेळचे सतरा तास वजा करा, घर बंद करायला सहा तास वजा करा, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी चार तास आणखी. जी वेळ उरेल, ती बहुतेकदा तुम्हाला ‘अजून आकाश निरभ्र आहे’ असे वाटत असतानाची असेल. मिल्टनच्या वेळी ती मंगळवार दुपारच्या बरीच आधीची होती. हरिकेनचा इशारा हे वारे येण्याच्या साधारण ३६ तास आधी आणि पूर्वसूचना ४८ तास आधी दिली जाते. लांबचा प्रवास करणाऱ्याने पूर्वसूचनेलाच इशारा समजावे. आणि काउंटीने तुमच्या अक्षराला घर सोडण्याचा आदेश दिला की घरात मतदान घेऊ नये. आदेश आल्यास निघायचे, हे जूनमध्येच, सगळे शांत असताना, बाबांच्या तोंडून वदवून घ्यावे.

रस्त्याबद्दल सांगायचे तर आय-७५ महामार्गावरची खरी गाठ वाइल्डवूडला आहे, कारण दक्षिणेकडून येणारा टर्नपाइक हा टोलरस्ता तेथे आय-७५ ला मिळतो आणि मायामी, ओरलँडो, टँपा अशा सर्वांची गर्दी एका प्रवाहात येते. ओकालाच्या अलीकडचे तुमचे दोन तास त्याच गाठीत गेले असणार. १९९९ मध्ये फ्लॉइडच्या वेळी साउथ कॅरोलायना व जॉर्जियातील रस्ते असे तुंबले की, पुढे त्या राज्यांनी आय-२६ व आय-१६ च्या सर्व मार्गिका एकाच दिशेने सोडण्याची योजना आखली. फ्लोरिडा आता तसे न करता कडेचा शोल्डर वाहतुकीला उघडते. तो उघडल्याची पाटी किंवा घोषणा असेल तेव्हाच त्यावर गाडी घालावी, एरवी ती जागा रुग्णवाहिकांची आहे. टोल बहुधा माफ केले जातात. तुमच्या बाजूने सनकोस्ट पार्कवेने उत्तरेला जाऊन पुढे यूएस-४१ किंवा यूएस-२७ धरता येतो. सिग्नल लागतील, वेग कमी राहील, पण गावे लागतात, आणि गाव म्हणजे स्वच्छतागृह, पाणी आणि कदाचित पेट्रोल. किनाऱ्याजवळून जाणारा यूएस-१९ मात्र वादळ बिग बेंडकडे जात असेल तर टाळावा. फोनमधील नकाशा सर्वांना एकाच वेळी एकाच आडरस्त्याला पाठवतो, म्हणून कागदी नकाशा गाडीत असावा, आणि तो सात वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावा. त्याचा वेळ चांगला जातो.

पेट्रोल हंगामभर अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नये. सुटे डबे भरून प्रवाशांच्या मागे ठेवणे धोक्याचे आहे. बंद गाडीत वाफ साठते. गाडी विजेवर चालणारी असेल तर आदल्या रात्री पूर्ण चार्ज करावी आणि चार्जर पन्नास टक्क्यांना शोधावा, दहा टक्क्यांना शोधू नये.

शेवटी बाबांचे पाय. ही किरकोळ गोष्ट नाही. २००५ मध्ये रीटाच्या भीतीने ह्यूस्टनमधून काही लाख नव्हे, वीस लाखांहून अधिक लोक एकदम निघाले आणि त्या स्थलांतरातच शंभराच्या आसपास माणसे दगावली. कित्येक वृद्ध कोंडीत, उन्हात अडकलेल्या गाड्यांमध्ये गेले. वृद्धाश्रमातील रहिवाशांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. दर दोन तासांनी आई-बाबांना उतरवून दहा मिनिटे चालवावे, मोकळ्या लेनचा मोह आवरून चालवावे. स्वच्छतागृह सापडणार नाही या भीतीने म्हातारी माणसे पाणी पिणे सोडतात. त्यांनी पाणी प्यावे म्हणून गाडीत झाकणाचे भांडे आणि एक जुनी चादर आडोशाला ठेवावी. हे लिहिताना संकोच वाटतो, पण सतराव्या तासाला कोणाला वाटत नाही. दोन आठवड्यांची औषधे, त्यांच्या डब्यांवरची नावे, प्रवास विम्याचा कागद आणि पासपोर्ट हे सामानाच्या बॅगेत न ठेवता आईच्या पर्समध्ये असावे.

प्रश्न : मी अटलांटाच्या उपनगरात राहते. गेल्या काही वर्षांत वादळ आले की फ्लोरिडा आणि सवानाकडून आमच्याकडे मंडळी येतात. मागच्या वेळी तीन कुटुंबे, अकरा माणसे, दोन बाथरूम, पाच दिवस. मनापासून बोलावले होते, हे खरे. पण तिसऱ्या दिवशी ओले टॉवेल मोजताना माझे डोळे भरून आले, आणि लगेच लाज वाटली, की त्यांच्या घरांचे छप्पर राहिले की गेले हे त्यांना माहीत नाही आणि मी टॉवेल मोजते आहे. माझ्या यजमानांचे मित्र दिवसभर सोफ्यावर बसून वादळाच्या बातम्या पाहत होते, उठून पाण्याचा ग्लासही घेत नव्हते. ‘नाही’ म्हणता येत नाही, ‘हो’ म्हणणे झेपत नाही. काय करावे?

उत्तर : टॉवेल मोजल्याची लाज वाटण्याचे कारण नाही. ते कोणीतरी मोजावेच लागतात, आणि ते तुम्ही एकटीनेच मोजावेत असे कुठे ठरले आहे?

बोलण्याची वेळ वादळाच्या दिवशी नसते, ती जूनमध्ये असते. हंगाम सुरू होताना तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी बसून आपल्या घराचा एक आकडा ठरवावा. समजा, सहा माणसे आणि चार रात्री. मग तिन्ही कुटुंबांना आपणहून फोन करावा : आमच्याकडे सहाजणांची सोय आहे, ज्यांच्याकडे म्हातारी माणसे किंवा तान्हे मूल आहे त्यांचा हक्क पहिला, बाकीच्यांसाठी आम्ही जवळचे हॉटेल पाहून ठेवू आणि जेवण आमच्याकडे. हे निमंत्रणच आहे, फक्त त्याला कडा आहेत. मला वाटते, बहुतेक पाहुण्यांना अशा स्पष्ट निमंत्रणाने हायसेच वाटेल. ‘कितीही दिवस राहा’ हे ऐकणाऱ्यालाही अवघडच जाते. शिवाय अनेकांच्या घरविम्यात, सरकारी आदेशाने घर सोडावे लागल्यास बाहेर राहण्याचा खर्च काही दिवस मिळण्याची तरतूद असते. ती ज्याची त्याने आपल्या पॉलिसीत आधी वाचून ठेवावी. फ्लोरिडात आणीबाणी जाहीर झाल्यावर हॉटेल, पेट्रोल, पाणी यांचे भाव अवाच्या सवा वाढवणे बेकायदा ठरते, आणि जॉर्जियातही तसा कायदा आहे.

सोफ्यावरच्या गृहस्थांबद्दल थोडे वेगळे सांगतो. ते आळशी असतीलही, पण मी २०१७ मध्ये त्याच सोफ्यावर होतो, म्हणून सांगतो की, ती अवस्था निराळी असते. आपले घर पडद्यावरच्या एका रंगाखाली आहे आणि आपण येथे दुसऱ्याच्या चहाचा कप हातात धरून बसलो आहोत. उठावेसे वाटत नाही, कारण उठल्यावर आपण नक्की काय करायचे हे कळत नाही. अशा माणसाला ‘काही मदत हवी का’ असे विचारण्याची वाट पाहू नये. त्याच्या हातात गाडीची किल्ली आणि यादी द्यावी. मला मित्राच्या आईने न विचारता लसणाची टोपली आणून दिली होती आणि मी दोन तास लसूण सोलला. इतका लसूण त्या घराला महिनाभर पुरला असावा. संपूर्ण इर्मामध्ये तेच दोन तास मला ठीक वाटले.

बाकी व्यवस्था म्हणाल तर पाहुण्यांनी चादरी, उशा, टॉवेल आपापले आणावेत, हे फोनवरच सांगावे. वाणसामानाचा खर्च कोणी एकाने न करता पहिल्या दिवशी सर्वांनी डब्यात पैसे टाकावेत. घराला सेप्टिक टँक असेल तर अकरा माणसांच्या आंघोळी आणि कपडे एका दिवशी काढू नयेत, ती टाकी तुमच्यासारखी गप्प राहत नाही. आणि पाहुणे येणार म्हणून स्वतःची तयारी विसरू नका. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी, टॉर्च, औषधे हे सगळे अटलांटातही लागू शकते. घरावर झुकलेले वाळके झाड असेल तर ते उन्हाळ्यातच उतरवून घ्यावे.

प्रश्न : मी फ्लोरिडात किनाऱ्याजवळच्या विद्यापीठात शिकतो. गाडी नाही. मित्राच्या कुटुंबाने ओरलँडोला बोलावले आहे, पण वादळाच्या तोंडावर पोहोचणार कसे? आणि सोबत कोणती कागदपत्रे घ्यावीत?

उत्तर : ज्याच्याकडे गाडी आहे अशा वर्गमित्राशी आत्ताच ठरवून ठेवा आणि तुमच्या वाट्याचे पेट्रोल तुम्ही भरा. अखेरच्या दिवशी बस आणि विमान यांवर विसंबू नये. वारे वाढण्याच्या बऱ्याच आधी दोन्ही बंद होतात. काहीच जमले नाही, तर अनेक काउंट्या घर सोडण्याच्या आदेशानंतर निवाऱ्यापर्यंत मोफत बस सोडतात, तिची चौकशी आधी करून ठेवावी. पासपोर्ट, व्हिसा, आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला फॉर्म) आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) ची प्रत पाणी न शिरणाऱ्या पिशवीत अंगाजवळ असू द्या, आणि सर्वांचे फोटो ई-मेलमध्ये ठेवा. कुठे जात आहात, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कळवा. घरी भारतात एकाच व्यक्तीला रोज ठरलेल्या वेळी निरोप द्या आणि बाकीच्यांना तिच्याकडून कळू द्या. फोनची बॅटरी वाचते, आणि आईचा जीवही थोडा शांत राहतो.

प्रश्न : मित्राकडून परत कधी निघावे? मागच्या वेळी आम्ही वादळ गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी निघालो आणि जाताना लागला त्याहून जास्त वेळ येताना लागला. घरी पोहोचल्यावर वीज नव्हती आणि फ्रीझर उघडल्यावर त्यातले ठेवावे की टाकावे, हेही कळेना.

उत्तर : घराची ओढ समजते, पण परतीचा प्रवास जाण्यापेक्षा वाईट असतो, कारण निघताना लोक तीन दिवसांत विभागून निघतात आणि परतताना सगळे एकाच सकाळी. वादळ गेले म्हणून पाणी गेले असे होत नाही. इर्मानंतर अनेक दिवसांनी सँटा फी नदी इतकी फुगली की, आय-७५ चा त्या पुलाजवळचा भाग बंद करावा लागेल, अशी सूचना परतणाऱ्यांना देण्यात आली होती. काउंटीने परत येण्यास मुभा दिली आहे, तुमच्या भागात पाणीपुरवठा आणि वीज आहे आणि वाटेतल्या पंपांवर पेट्रोल आहे, ही तीन उत्तरे ‘हो’ आल्यावरच निघावे. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर मित्राच्या घरी आणखी एक दिवस काढून त्याचे गॅरेज आवरून द्यावे.

रस्त्यावर पाणी दिसले तर गाडी घालू नये. साधारण एक फूट वाहते पाणी छोटी मोटार ढकलते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. खाली रस्ता उरला आहे की नाही, हे वरून दिसत नाही. बंद पडलेला सिग्नल म्हणजे चारी बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी आहे असे समजावे. विजेवरची गाडी घरी ठेवून गेला असाल आणि तिच्यात समुद्राचे पाणी शिरले असेल, तर ती सुरू करू नये आणि घराच्या भिंतीपासून दूर उभी ठेवून घ्यावी; खाऱ्या पाण्यात भिजलेल्या बॅटऱ्या नंतर पेट घेतात.

दार उघडण्याआधी बाहेरून आणि उघडल्यावर प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत, काहीही हलवण्याच्या आधी. घराचा साधा विमा पुराचे नुकसान देत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि राष्ट्रीय पूरविमा योजनेत तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे वादळाचे नाव कानावर आल्यावर तो घेणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. जनरेटर लावाल तर घराबाहेर, खिडक्यांपासून किमान २० फूट दूर. गॅरेजचे दार उघडे ठेवून आत चालवलेला जनरेटरही माणसे मारतो, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

फ्रीझरचा प्रश्न सर्वांनाच पडतो. दार न उघडता फ्रीज साधारण चार तास थंड राहतो. पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. अडचण अशी की, तुम्ही नसताना वीज गेली, आली, पुन्हा गेली, हे सांगायला कोणी नसते. परतल्यावर सगळे पुन्हा गोठलेले दिसते आणि मधल्या काळात वितळून खराब झालेले असते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी कपभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवावे आणि त्या बर्फावर एक नाणे ठेवून जावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर अन्न गोठलेलेच राहिले. नाणे कपाच्या तळाशी बर्फात दिसले, तर डबे उघडून वास घेत बसू नये. हातमोजे घालून सगळे पिशवीत भरावे आणि बाहेर ठेवावे.